मागच्या भिंतीचे चित्र

पुण्याहून नाशिककडे निघाले की खेडचा घाट चढल्यावर पेठ लागते आणि पुढे अवसरीचा घाट उतरला की मंचरची बाजारपेठ येते. या दोन घाटांच्या मधले सातगाव पठार खरिपाच्या बटाट्यासाठी प्रसिद्ध आहे. पेठ, कुरवंडी, थुगाव, भावडी, कारेगाव, कोल्हारवाडी, पारगाव ही त्यातली गावे. इथे काय किंवा महामार्गालगतच्या इतर कुठल्याही गावात काय, भिंतींकडे नीट पाहिले तर एक वाटणी दिसते. रस्त्याकडे तोंड असलेली भिंत बाजाराची झाली आहे. सिमेंट, बियाणे, खते, मोबाइल यांच्या कंपन्या ती फुकट रंगवून देतात आणि बदल्यात स्वतःचे नाव लिहून घेतात. जिल्हा परिषदेच्या शाळेची भिंत शासनाची आहे. तिच्यावर पाढे, नकाशे, स्वच्छतेचे संदेश असतात. सभामंडपाची भिंत देणगीदारांच्या नावांनी भरलेली असते. घरातल्या माणसांना स्वतःच्या आवडीचे काही काढायला एकच भिंत मोकळी राहिली आहे, ती म्हणजे मागची. न्हाणीजवळची, गोठ्याची, शेवग्याच्या झाडामागच्या कुंपणाची, परसदारची भिंत. अलीकडे शहरांप्रमाणे गावांतही या भिंती रंगवण्याची हौस वाढली आहे. नवे घर बांधले की मागच्या कंपाउंडवर मोर, कमळे, झाडाच्या फांदीवरचे पक्षी किंवा वारली नाच काढून घेतला जातो. ही हौस मला मनापासून चांगली वाटते. पण आज ती ज्या रीतीने पुरी केली जाते त्यात एक मूलभूत चूक आहे, असे माझे मत आहे.

चूक अशी की आपण उघड्यावरच्या भिंतीकडून कायमच्या चित्राची अपेक्षा करतो. पेंटरला पहिला प्रश्न विचारला जातो तो किती वर्षे टिकेल हा. मग टिकण्यासाठी पुट्टी, प्रायमर, ॲक्रिलिक रंग आणि वरून चकचकीत वॉर्निश असे थर चढतात. दोन-तीन पावसाळ्यांत खालून पोपडे सुटू लागतात, मोराचे पाय गळून पडतात, आणि पुन्हा खर्च करायचा कोणालाच धीर होत नाही. ते अर्धवट सोललेले चित्र वर्षानुवर्षे तसेच राहते. माझे म्हणणे याच्या उलट आहे. परसदारच्या भिंतीवरचे चित्र दरवर्षी किंवा वर्षाआड नव्याने काढण्यासाठीच असावे, आणि त्याचे साहित्य, त्याचा विषय व त्याला लागणारे हात हे सगळे त्याच हिशेबाने ठरवावे. हे केवळ सोयीपुरते सांगत नाही. भिंतीवरच्या चित्रांचा आपल्याकडचा इतिहास आणि भिंतीचा स्वतःचा स्वभाव, दोन्ही याच बाजूने साक्ष देतात.

आधी टिकलेल्या चित्रांचे पाहू. याच परिसरातल्या जुन्नरभोवतीच्या डोंगरांत बौद्ध लेण्यांचे मोठे समूह आहेत. त्यांपैकी शिवनेरीच्या पोटातल्या एका लेण्याच्या छतावर चौकोनांत वर्तुळे अशा रंगीत नक्षीचे अवशेष आहेत. अजिंठ्याची चित्रे तर जगाला ठाऊक आहेत. खडकावर मातीचा गिलावा, त्यात भुसा आणि तंतू, वर चुन्याचा पातळ हात आणि तो वाळल्यावर डिंकासारख्या चिकट द्रव्यात कालवलेले मातीचे रंग अशी त्यांची बांधणी आहे. वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यात अठराव्या शतकातली भित्तिचित्रे आहेत, चांदवडला अहिल्याबाई होळकरांच्या रंगमहालात आहेत, पुरंदर तालुक्यात पांडेश्वरच्या देवळात आहेत. या सगळ्यांत समान गोष्ट कोणती? एकही चित्र उघड्या पावसात नाही. कुठे डोक्यावर आख्खा डोंगर आहे, कुठे माडीचे छत आहे, कुठे देवळाच्या जाड भिंती आहेत. म्हणजे आपल्या पूर्वजांनी जे टिकावे असे वाटले ते छताखाली काढले. बाहेरच्या भिंतीवर आणि परसात त्यांनी काही काढले असेल तर ते उरलेले नाही, आणि उरावे अशी त्यांची अपेक्षाही नसावी.

बाहेर जे काढले जाई त्याची परंपरा वेगळी आणि तितकीच जुनी आहे. पश्चिम महाराष्ट्रातल्या खेड्यांत लग्नघराची भिंत रंगवण्याची पद्धत होती. काही गावांत अजून आहे. दारावर गणपती, दोन्ही बाजूंना भालदार-चोपदार किंवा सोंड उंचावलेले हत्ती, केळीचे खांब, मोर, आणि खाली वधूवरांची नावे व लग्नाची तिथी. आधी भिंतीला पांढऱ्या मातीचा किंवा चुन्याचा हात, त्यावर गेरू, नीळ आणि हिरवा रंग. पुढच्या दिवाळीच्या रंगसफेदीपर्यंत किंवा घरातल्या पुढच्या लग्नापर्यंत हे चित्र भिंतीवर असे आणि मग त्याच्या जागी दुसरे येई. नागपंचमीला भिंतीवर काढलेल्या नागांचे आयुष्य त्याहून कमी. सणासुदीला पोतेरा फिरला की भिंत पुन्हा कोरी. डहाणू, तलासरी, जव्हारकडच्या वारल्यांचा लग्नचौक घराच्या आत काढला जातो, पण तोही एका लग्नापुरताच. कुडाच्या भिंतीवर शेणमातीचा आणि गेरूचा थर, तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग, बांबूची ठेचलेली काडी, आणि मधोमध पालघाट देवी. तो काढतात सवाशिणी. लग्न झाले की त्या चौकाचे काम संपते. झारखंडात हजारीबागच्या खेड्यांत सोहराईची चित्रे पावसाळा सरल्यावर, सुगीच्या सणाला, बाहेरच्या मातीच्या भिंतींवर दरवर्षी नव्याने काढली जातात. आफ्रिकेतल्या बुर्किना फासोमधल्या तिएबेले गावात कासेना बायका मातीच्या घरांवर काळ्या, पांढऱ्या, तांबड्या भूमितीय नक्षी काढतात आणि ती पुन्हापुन्हा नवी करतात. तिथल्या राजवाड्याचा परिसर 2024 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेला. म्हणजे छताखालचे कायमचे आणि उघड्यावरचे फिरून-फिरून नवे, अशी ही वाटणी आहे. सह्याद्रीपासून आफ्रिकेपर्यंत माणसांनी ती एकमेकांना न विचारता केलेली आहे, कारण पाऊस आणि ऊन सगळीकडे सारखेच वागतात.

हा समतोल मोडला सिमेंटने. सिमेंटला दोष द्यायचा नाही. आंबेगाव तालुक्यातल्या माळीणमध्ये 30 जुलै 2014 रोजी दरड कोसळून दीडशेच्या आसपास माणसे गेली त्याच तालुक्यात राहणाऱ्याला पक्के घर नको असे कोण म्हणेल? भीमाशंकरच्या पायथ्याशी कारवीच्या कुडाची घरे होती, पठारावर भेंड्यांची आणि दगडमातीची होती. इंदिरा आवास, शबरी आणि नंतर प्रधानमंत्री आवास योजनेच्या घरकुलांनी ती जाऊन विटा, गिलावा आणि स्लॅब आले, हे योग्यच झाले. पण भिंत बदलली तेव्हा रंगाची रीतही बदलायला हवी, हे कोणी सांगितले नाही. मातीची किंवा चुन्याची भिंत पाणी शोषते आणि तितक्याच सहज सोडतेही. सिमेंटची भिंतही पाणी शोषते, पण तिच्यावर ॲक्रिलिक किंवा ऑईल पेंटचा थर बसला की पाण्याला बाहेर पडायची वाट राहत नाही. परसातल्या भिंतीला पाणी तर चारी बाजूंनी असते. पाया ओल्या मातीत, एका अंगाला न्हाणीचे नाहीतर भांडी घासायचे पाणी, दुसऱ्या अंगाला अळू किंवा केळ, आणि वर बहुतेक वेळा छपराची वळचणही नाही. जमिनीतले पाणी केशाकर्षणाने विटांमधून वर चढते, सोबत क्षार आणते. पाणी वाळले की क्षार तिथेच स्फटिकरूप होतात, फुगतात आणि रंगाच्या थराला आतून ढकलतात. यालाच आपण भिंतीला लोणा लागला म्हणतो. जमिनीपासून हात-दोन हात उंचीपर्यंतचा रंग सर्वात आधी का सोलतो, याचे उत्तर यात आहे. पेंटरचा हलगर्जीपणा किंवा रंगाचा हलका दर्जा हे कारण बहुतेक वेळा दुय्यम असते.

त्यात घाईची भर पडते. नव्या गिलाव्यात पाणी आणि अल्कली दोन्ही असतात. निदान चार आठवडे तो वाळू द्यावा लागतो, पावसाळी हवेत त्याहून जास्त. वास्तुशांतीची तारीख ठरलेली असते म्हणून गिलावा ओला असतानाच रंग लागतो आणि चित्र जन्मतःच आजारी पडते. दिशाही कोणी पाहत नाही. आपल्याकडचा पाऊस नैऋत्येकडून येतो, त्यामुळे पश्चिमेकडे आणि दक्षिणेकडे तोंड असलेली भिंत झडीचा मारा खाते, तीच उन्हाळ्यात दुपारभर तापते आणि तिच्यावरचा रंग फिका पडतो. उत्तरेकडच्या भिंतीवर ऊन कमी, म्हणून शेवाळ आणि बुरशी. पेठेचे पठार तुलनेने कोरडे आहे, पण त्याच आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम टोकाला, आहुपे-भीमाशंकरच्या पट्ट्यात, पाऊस कित्येक पटींनी अधिक पडतो. एकाच तालुक्यातल्या दोन गावांना एकच रंग आणि एकच सल्ला चालत नाही. रंगाच्या डब्यावर लिहिलेली वर्षांची हमी मात्र दोघांना सारखीच मिळते.

वरून एक पारदर्शक थर दिला की चित्र सुरक्षित होते, हा समज फार खोल रुजलेला आहे. तो किती घातक ठरू शकतो याचा धडा महाराष्ट्राच्या भूमीवरच मिळालेला आहे. एकोणिसाव्या शतकात जे. जे. कलाशाळेच्या जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली अजिंठ्याच्या नकला केल्या गेल्या तेव्हा चित्रे उठून दिसावीत म्हणून त्यांच्यावर वॉर्निश लावले गेले. पुढे 1920 ते 1922 या काळात हैदराबादच्या निजाम सरकारने लोरेन्झो चेकोनी आणि ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांना बोलावले. त्यांनी सुटे झालेले गिलाव्याचे तुकडे घट्ट बसवले. ते काम मोलाचे होते. पण चित्रांवर त्यांनी लाखेपासून केलेल्या शेलॅकचा थर दिला. काळाने तो थर पिवळा पडला, तडकला, धूळ-काजळी धरून बसला आणि खालचे निळे-हिरवे रंग झाकोळून गेले. तो अलगद काढण्याचे काम भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याच्या रसायनतज्ज्ञांना कित्येक दशके पुरले आहे. दीड हजार वर्षे उघड्या पृष्ठभागाने श्वास घेत राहिलेल्या चित्रांना संरक्षणाच्या थराने शतकभरात त्रास दिला, ही गोष्ट मागच्या भिंतीवर वॉर्निश मारायच्या आधी ध्यानात घेण्यासारखी आहे. तेही लेण्याच्या आत, जिथे पाऊस नाही. उघड्यावर काय होईल याचा अंदाज करणे अवघड नाही.

मग पर्याय कोणता? जुना, स्वस्त आणि या भागाच्या ओळखीचा असा चुन्याचा पर्याय आहे. कळीचा चुना पाण्यात विरवून, गाळून, पातळ करून दिलेला हात हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषतो आणि भिंतीवर पुन्हा चुनखडीचा दगडच तयार होतो. रंगाचे कण त्या दगडात अडकतात, वर चिकटून बसत नाहीत. म्हणून चुन्याचा रंग पोपड्यांनी सुटत नाही, तो हळूहळू झिजतो. झिजलेल्या भिंतीवर नवा हात देता येतो, सोललेल्या भिंतीला मात्र आधी खरवडावे लागते. मागच्या भिंतीच्या सगळ्या अर्थकारणाचा गाभा एवढ्या एका फरकात आहे. चुना अल्कलीयुक्त असल्याने बुरशीलाही सहज थारा देत नाही. त्यात थोडे दूध किंवा ताक घातले की त्यातले केसीन चुन्याशी जुळून पाण्याला दाद न देणारी पकड तयार करते. आंबेगावसारख्या दुधाच्या तालुक्यात ही वस्तू शोधायला जावे लागत नाही. घायपाताच्या कुंच्याने पातळ-पातळ दोन-तीन हात, दर हाताआधी भिंत किंचित ओली, आणि काम भर उन्हात नाही, एवढे पाळले की पुरते.

रंगांची यादी लहान आहे, पण गरीब नाही. चुन्याच्या दाहकतेत टिकणारे रंग मुख्यतः मातीचे. सह्याद्रीच्या घाटांत लाव्हाच्या दोन थरांच्या मध्ये विटेसारखा तांबडा पट्टा दिसतो. तो भाजलेल्या, लोहयुक्त मातीचा असतो, आणि गेरूही मुळात लोहाच्याच ऑक्साइडचा. पिवडी म्हणजे पिवळी माती, काजळीचा काळा, आणि धुण्याच्या निळीतला कृत्रिम अल्ट्रामरीन निळा, हे चुन्यात चालतात. दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत हिरवट खनिज सापडते, अजिंठ्याचा हिरवा त्याच जातीचा आहे. आज दुकानात मिळणारा लोह ऑक्साइडचा तांबडा, पिवळा, काळा आणि क्रोमियम ऑक्साइडचा हिरवा याही कामाला योग्य. चुन्याच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा रंग जास्त घालू नये, नाहीतर तो हाताला लागत राहतो. भडक गुलाबी, झगमगता जांभळा किंवा चंदेरी रंग चुन्यात मिळणार नाहीत, हे खरे. मला हे बंधन फायद्याचे वाटते. चार मातकट रंगांत काढलेला बैल शेवग्याच्या आणि केळीच्या हिरव्यात शोभतो. बारा रंगांतला धबधबा तिथे परका दिसतो. चुना कालवताना डोळ्यांची काळजी मात्र घ्यायलाच हवी. तो डोळ्यात गेला तर गंभीर इजा करतो, म्हणून मुलांच्या हाती चुना देऊ नये, तयार पांढऱ्या भिंतीवर डिंकात कालवलेला गेरू द्यावा. आणि ज्यांना ऑईल पेंटच वापरायचा आहे त्यांनी निदान डब्यावरचे शिश्याचे प्रमाण पाहावे. केंद्राच्या 2016 च्या नियमांनुसार घरगुती रंगांत शिसे दर दहा लाख भागांत 90 भागांपेक्षा जास्त असता कामा नये. सोललेल्या रंगाचे कपचे परसात कोंबड्या आणि रांगती मुले तोंडात घालतात, तेव्हा हा आकडा कागदावरचा राहत नाही.

या मांडणीवर आक्षेप आहेत आणि त्यांतले काही वजनदार आहेत. पहिला खर्चाचा. दरवर्षी नवे काढायचे तर दरवर्षी खर्च, त्यापेक्षा एकदाच चांगले काम करून घ्यावे, असे कोणीही म्हणेल. पण चुना आणि गेरू यांची किंमत बाहेरच्या चांगल्या रंगापुढे किरकोळ आहे. दरवर्षी संपूर्ण भिंत नवी करण्याचीही गरज नसते, पावसाने धुतलेला खालचा पट्टा आणि वळचणीखालचे चार हात पुरतात. ज्या भिंतीवर आधीच प्लास्टिक किंवा ऑईल पेंट बसला आहे तिथे चुना धरत नाही, ती खरवडून मूळ गिलाव्यापर्यंत न्यावी लागते, हे कबूल करायला हवे. तो खर्च एकदाच आहे, पण आहे. म्हणून माझा आग्रह आधी नव्या भिंतींसाठी आहे. ज्याचे कंपाउंड यंदा उभे राहते आहे त्याने त्याला पहिला थर कशाचा द्यायचा, हे विचार करून ठरवावे.

दुसरा आक्षेप श्रमाचा आहे आणि तो मला सर्वात गंभीर वाटतो. सारवण, पोतेरा, रंगसफेदी ही कामे पिढ्यानुपिढ्या बायकांच्या वाट्याला आली. सिमेंटने आणि टाईल्सनी त्यांची त्यातून सुटका केली. आता दरवर्षी चित्र काढायचे म्हणजे परंपरेच्या नावाखाली तेच ओझे पुन्हा त्यांच्या डोक्यावर ठेवायचे का? बटाट्याच्या काढणीपासून गोठ्यापर्यंत राबणाऱ्या बाईला कोणी असे सांगत असेल तर तिने साफ नाही म्हणावे. वारली चित्रांच्या इतिहासातही याची एक बाजू आहे. चौक काढणाऱ्या सवाशिणी होत्या. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी यांच्या प्रयत्नांनी ही चित्रे कागदावर आली, तेव्हा जगापुढे गेलेले सर्वात मोठे नाव ठरले ते गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांचे. त्यांची प्रतिभा निर्विवाद होती आणि 2011 ची पद्मश्री त्यांना उशिराच मिळाली. पण चित्र विनामोबदला असताना बायकांचे आणि मोबदल्याचे झाल्यावर बव्हंशी पुरुषांचे झाले, हेही तितकेच खरे. बिहारमधल्या मिथिलेत भास्कर कुलकर्णींनीच 1966-67 च्या दुष्काळात कागद नेले तेव्हा उलट घडले. तिथे सीतादेवी, गंगादेवी यांच्यासारख्या बायका स्वतःच्या नावाने उभ्या राहिल्या. यावरून माझे उत्तर असे की परसदारचे चित्र हे सारवणासारखे कर्तव्य होता कामा नये. ते आख्ख्या घराचे काम असावे. भिंत खरवडणे, चुना विरवणे, वरचा हात देणे ही जड कामे पुरुषांनी करावीत, आणि काय काढायचे हे ज्याला काढायचे आहे त्याने किंवा तिने ठरवावे. एखाद्या वर्षी कोणाला सवड नसेल तर भिंत पांढरी राहावी. ती सवलत नव्याने काढण्याच्या रीतीतच शक्य आहे. कायमच्या चित्राला सोललेले राहण्यावाचून गत्यंतर नसते.

तिसरा आक्षेप असा की मिटणाऱ्या चित्राची थोरवी गाताना आपण जपण्याचे कारणच हिरावून घेतो. हा आक्षेप मी हलका मानत नाही, कारण त्याची किंमत देशाने मोजलेली आहे. गंगादेवींनी दिल्लीच्या शिल्प संग्रहालयात रंगवलेले कोहबर घर (नवदांपत्याची खोली) 2015 मध्ये नूतनीकरणाच्या कामात नष्ट झाले. त्या स्वतः 1991 मध्ये वारल्या होत्या, म्हणजे ते पुन्हा काढणारे हात उरले नव्हते. अशा वेळी मूळ परंपरेत ही चित्रे पुसलीच जातात असे म्हणणे ही पळवाट ठरेल. छताखालची, जपण्यासाठी काढलेली, एका मोठ्या कलावंताची भिंत आणि पावसात उभी असलेली घरगुती भिंत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मेणवलीचा किंवा चांदवडचा प्रत्येक चौरस इंच जपलाच पाहिजे, आणि तो नीट जपला जात नाही ही आपली लाज आहे. गावात एखादा जुना वाडा उरला असेल आणि त्याच्या माडीवर रंगाचे अवशेष असतील तर त्यावर चुन्याचा हात फिरवू नये. पण परसातला मोर त्या न्यायाने तोलायचा नाही. त्याचे सातत्य हाताच्या सवयीत असते. दहा वर्षे दर दिवाळीला काढणाऱ्या मुलीचा हात दहाव्या वर्षी जे काढतो ते एकदाच पैसे देऊन करून घेतलेल्या चित्राला साधत नाही.

विषयांच्या बाबतीत एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. आज महाराष्ट्रात भिंत म्हटली की वारली. पोलीस ठाणे, बसस्थानक, हॉटेल, फार्महाऊस, सगळीकडे तारपा वाजवणारा आणि त्याच्याभोवतीचा वेटोळा नाच. वारली चित्रांना 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे ही एका समाजाची आणि प्रदेशाची निर्मिती आहे हे कायद्याने मान्य झाले. घरच्या मुलाने आवडीने चार आकृत्या काढल्या तर त्यात काही वाईट नाही. पण पैसे मोजून भिंत रंगवून घ्यायचीच असेल आणि वारलीच हवी असेल, तर वारली कलावंताला बोलवावे. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे पठारावरच्या घराला स्वतःचे काही सांगण्यासारखे नाही का? बटाट्याची अरण (साठवणीचा ढीग), बैलगाडा शर्यतीतला घाट, बिबट्या, जो आता आंबेगाव आणि जुन्नर तालुक्यांत उसाइतकाच नेहमीचा झाला आहे, पावसाळ्यात भीमाशंकरकडे सरकणारे ढग, पश्चिमेकडच्या महादेव कोळी आणि ठाकर वाड्यांवरची भातखाचरे, नारायणगावच्या तमाशाच्या राहुट्या. लग्नाच्या भिंतीवरचे हत्ती आणि भालदार-चोपदार तर घरचेच. ही चित्रे कोणाकडून उसनी आणावी लागत नाहीत. शाळांच्या बोलक्या भिंतींनी गेल्या दहा-बारा वर्षांत मुलांना भिंतीवरच्या चित्राची सवय लावली, हे त्यांचे श्रेय आहे. पण त्या भिंती शिक्षकांच्या सूचनेवरून पेंटर रंगवतात, मुले फक्त वाचतात. रंगवणारा मूल असेल अशी भिंत गावात एकच शिल्लक आहे.

मग पेंटरचे काय? फ्लेक्सने गावोगावच्या अक्षरलेखकांचे काम हिसकावले. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागची चित्रे, तमाशाचे फलक, निवडणुकीच्या भिंती एकामागून एक गेल्या. परसातली भित्तिचित्रे ही त्यांना मिळालेली थोडी नवी कामे आहेत, आणि घरच्यांनीच काढावे म्हटले तर तीही जातील, अशी भीती रास्त आहे. माझ्या मते त्यांचे काम उलट वाढेल. लग्नाची भिंत पूर्वी घरच्यांनीच काढली असे नाही, गावातला चांगला हात असलेला माणूस बोलावला जाई आणि दर लग्नाला बोलावला जाई. पाच वर्षांतून एकदा मोठी रक्कम देण्याऐवजी दरवर्षी एका दिवसाची मजुरी देणे गिऱ्हाइकाला सोपे आणि पेंटरला भरवशाचे. त्याने रेषा काढून द्यावी, रंग घरच्यांनी भरावा, हाही मार्ग आहे. त्यासाठी पेंटरांना चुन्याचे काम पुन्हा शिकावे लागेल. तालुक्यातल्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून रंगकामाबरोबर चुन्याची आठवडाभराची शिकवणी देता आली तर फार थोड्या खर्चात मोठे काम होईल.

पावसाळा सरला की ऑक्टोबरात भिंतीत थोडी ओल असते, ऊन कडक नसते आणि दिवाळी तोंडावर असते. चुन्याच्या कामाला वर्षातला तोच सर्वात चांगला काळ. या भागातल्या वाचकांना त्याच्याही आधी एक विनंती आहे. तुमच्या घराच्या, चुलत्याच्या किंवा मामाच्या जुन्या घराच्या भिंतीवर लग्नाचे चित्र अजून दिसत असेल, अर्धे पुसलेले का असेना, तर त्याचा सरळ समोरून, दिवसाच्या उजेडात फोटो काढा. लग्न कोणाचे, वर्ष कोणते आणि ते कोणी काढले हे घरातल्या थोरांना विचारून फोटोसोबत लिहून ठेवा, आणि त्याची एक प्रत गावच्या शाळेत द्या. नवा हात त्यानंतर मारा.